मसाल्याच्या फोल्डरचं कुलूप

मसाल्याला कुलूप कोण लावतं, तुम्हीच सांगा. आमच्या घरी मसाला बरणीत असतो, बरणी फळीवर असते आणि शेजारच्या बायका वाटी घेऊन येतात, हाताने काढून घेतात, वर ‘यंदा तिखट कमी झालाय’ असंही सुनावून जातात. मग हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ‘मसाले’ नावाचा फोल्डर दिसावा, मी त्यावर साध्या मनाने टिचकी मारावी आणि त्याने मला पासवर्ड विचारावा, याला काय म्हणायचं?

मी संशयी माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून लोक माझ्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागतात.

आमचा कॉम्प्युटर सामायिक आहे. आई त्यावर देवीच्या आरत्या बघते, उन्नती, म्हणजे माझी बायको, ब्लाउजचे गळे बघते आणि मी बातम्या बघतो. खरं तर तो आमचा पण नाही. तो कुणालचा जुना. कुणाल माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा लहान. काल्हेरला त्याच्या वडिलांची शेतं होती तिथे आता गोडाउनं उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोडाउनात मी डिस्पॅच सुपरवायझर आहे. पगार कंपनी देते, पण त्या गोडाउनचं छप्पर कुणालचं. आमच्या वाटणीची जमीन वडिलांनी कधीच विकली, तो विषय मी काढत नाही. तर कुणालने नवा मोठा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं. त्याने फुकट दिला, वर स्वतःच्या गाडीतून आमच्याकडे कामतघरला घरपोच आणला आणि जाताना म्हणाला, “दादूस, काय अडलं त फोन कर.” अजून माझं काहीही अडलं की आधी ते वाक्य आठवतं.

एका संध्याकाळी मी ड्युटीवरून लवकर आलो. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात माझी चाहूल कुणाला लागली नसावी. आई आणि उन्नती एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या होत्या. एकाच हेडफोनची एक बाजू आईच्या कानाला, दुसरी उन्नतीच्या. आईने पदर तोंडात कोंबला होता आणि तरी तिचे खांदे हलत होते. आणि उन्नती म्हणत होती, “कुणालभावजींचं ते परत लावूया ना, आई!”

मला बघितलं आणि पडदा काळा झाला.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“मसाले,” उन्नती म्हणाली.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमचं लग्न झाल्यापासून आईचं आणि उन्नतीचं कधी पटलं नाही आणि घरातलं माझं सगळं वजन त्यावर उभं होतं. मी घरी आलो की आधी स्वयंपाकघरातली फिर्याद ऐकायचो, मग गॅलरीतली. चहाचा घोट घेत, डोळे मिटून, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि ‘दोघींचंही थोडंथोडं बरोबर आहे’ असा निकाल द्यायचा. या कामात मी तरबेज झालो होतो. आता वादी आणि प्रतिवादी एका खुर्चीवर बसून एका हेडफोनमधून हसत होत्या आणि न्यायाधीशाला चहासुद्धा कुणी विचारला नाही. मला कुणाचा जास्त राग आला, कुणालचा की आईचा, ते अजून नक्की सांगता येत नाही. मी जळत होतो एवढं खरं.

मी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न केला. माझं नाव घातलं. नाही. माझी जन्मतारीख, लग्नाची तारीख, उन्नतीच्या माहेरच्या गावाचं नाव, सगळं घातलं. मग दात-ओठ खात ‘कुणाल’ घातलं. नाही. यावर हायसं वाटायला हवं होतं, पण मनात आलं, इतका सरळ पासवर्ड कोण ठेवेल? म्हणजे नक्कीच काहीतरी असणार.

वरच्या मजल्यावर दाजी राहतात. एका पतपेढीतून निवृत्त झालेत आणि त्यांना सगळ्यातलं कळतं. मी त्यांना एका मित्राची अडचण म्हणून हे सांगितलं.

“तुझ्या मित्राला म्हनाव, बायकोला सरल इचार,” दाजी म्हणाले. “आत काय हाय गो, एवढंच इचाराचं.”

“तो विचारणार नाही,” मी म्हणालो. “तो स्वाभिमानी आहे.”

“मंग पासवर्ड विसरलो असं एक बटन असतं. मी दर महिन्याला दाबतो. माजं कधी अरलं न्हाय.”

मी ते बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.’ मी माझा मोबाईल बघितला. काही नाही. आणखी चार वेळा दाबलं, तरी काही नाही. मग हेल्पलाइनला फोन लावला. बरीच सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. तिने माझं नाव विचारलं, नोंदीतलं नाव निराळं असल्याचं सांगितलं आणि ती माहिती नोंदणीकृत व्यक्तीलाच देता येईल म्हणाली.

“अहो, मी या घरचा कर्ता आहे!”

“सर, कर्ता असा पर्याय आमच्याकडे नाहीये,” ती म्हणाली. “आपण आमच्या सेवेला किती गुण द्याल?”

मी गुण देत होतो तेवढ्यात उन्नतीचा फोन वाजला. ती भाकऱ्या थापत होती, हात पिठाचे, म्हणून तिने कोपराने स्पीकर चालू केला. पलीकडे कुणाल.

“वयनी, तुमचे कॉम्प्युटरचे ओटीपी माजे फोनवर येतान गो. मसाले म्हनून काय तरी हाय, त्याचा कुलूप कोन तरी खोलतंय. चोर त न्हाय ना घरान?”

जुना कॉम्प्युटर, जुनं खातं, जुना नंबर. सगळं कुणालचं. माझ्या घरातलं गुपित उघडायला मी ज्याच्यावर जळत होतो त्याच्याच दारात जाऊन उभा राहिलो होतो, तेही पाच वेळा.

उन्नतीने माझ्याकडे बघितलं. माझ्या कानाला अजून हेल्पलाइन होती. “चोर कसला, भावजी,” ती म्हणाली, “उंदीर झालेत.” आणि भाकरी तव्यावर टाकली. मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बिथरलो असतो, आरडाओरडा केला असता, सगळं मोकळं झालं असतं. पण तिने तीही सोय ठेवली नाही.

राहिला जुबेर. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “धनेशभाई, वो लॉक नबीलाने डाला है.” नबीला म्हणजे त्याची बायको, उन्नतीची मैत्रीण. “तिनं सांगून ठेवलंय, धनेशभाई येणार, तू हात लावायचा नाही. मी हात लावला ना, तो मेरे घर का दरवाजा लॉक.”

“म्हणजे आत काय आहे ते नबीलाला माहीत आहे?”

“तिला माहीत आहे. मला नाही. मी पण विचारलं होतं,” जुबेर म्हणाला आणि त्याचा चेहरा जरा उतरला. त्या क्षणी तो मला सख्ख्या भावासारखा वाटला. तरी कुलूप त्याने उघडलं नाहीच.

गुपित मला कळलं ते दुधामुळे. रविवारची दुपार होती, उन्नती फोल्डर उघडून देऊन बाजारात गेली होती, आई एकटीच कॉम्प्युटरपुढे होती आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला. आई धावली. फोल्डर उघडा राहिला. मी खुर्चीवर त्या दोघींसारखा अर्धाच बसलो आणि बघितलं.

आत आवाजाच्या फाइली होत्या. एकेक नाव : कुणाल एक. कुणाल दोन. कुणाल तीन. दाजी. लडकू. जुबेर. बुलेट. मी ‘कुणाल एक’ लावलं. हेडफोनमध्ये माझ्या आईचा आवाज, मागे उन्नतीचं हसू :

“गारी आनली लांबच लांब गो,
गल्लीन वलंना, आरवा खांब गो,
कुणाल उतरून धक्का देतंय,
सोन्याचे साखलीनी घाम पुसतंय…”

सगळा उलगडा झाला. कुणालचा धाकटा भाऊ भूपेश, त्याचं लग्न तोंडावर आलं होतं. माझी आई, धोंडूबाई, आमच्या भावकीतली धवलारीण. लग्नातले धवले तीच गाते, देवाला बोलावण्यापासून हळद चढेपर्यंत. आणि ते पवित्र काम आटोपलं की बायका पुरुषांना धरतात. एकेकाचं नाव घेऊन, त्याची गाडी, त्याचं पोट, त्याची कंजुषी, सगळं गाण्यात. मागच्या एका लग्नात गाणी आधीच फुटली आणि पुरुष उत्तरं पाठ करून आले, म्हणून यंदा कुलूप. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती गायची आणि उन्नती भरून घ्यायची.

परका पुरुष वगैरे काही नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग खालून वर.

धनेश नव्हता.

भूपेशच्या बुलेटवर एक गाणं होतं. मोटारसायकलवर! जुबेर आमच्या जातीचा नाही, गोताचा नाही, नुसतं निमंत्रण आहे, त्याच्यावर गाणं. लडकू गोडाउनचा वॉचमन, त्याच्यावर गाणं. कुणालवर तीन. आणि धवलारणीच्या पोटच्या पोरावर, जी भरून घेते तिच्या लग्नाच्या नवऱ्यावर, एक ओळ नाही. मग मला मागची लग्नं आठवायला लागली. कुठल्याच लग्नात माझं नाव आलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझा मान राखतात.

आधीची जळजळ बरी होती असं वाटावं अशी ही दुसरी होती. बायकोचा दुसऱ्या पुरुषावर जीव जडला तर माणसाला निदान चार लोकांत दुःख करता येतं. ‘माझी कुणी थट्टा करत नाही’ असं रडगाणं कुठे गाणार?

दुसऱ्या दिवशी गोडाउनवर मी लडकूला विचारलं, आपल्याच घरात दुसऱ्याने कुलूप घातलं तर काय करावं. नाव न घेता, अर्थातच. आमच्याकडे एका खोलीत बँकेकडे गहाण पडलेला माल असतो. तिच्या शटरला दोन कुलुपं, एक मालकाचं, एक बँकेचं. एकट्याने कुणालाच उघडता येत नाही. लडकूने त्या शटरकडेच बोट केलं.

“त्यांचा कुलूप हाय ना? र्‍हाऊ दे. वरशी तुमचा घाला. येतीन हात जोरीत.”

मला ते फार पटलं. मी इतकी वर्षं शटर, सील आणि कुलुपांत काढली होती आणि घरात पासवर्ड ओळखत बसलो होतो! आपलं कुलूप वर घालायचं, बायका येतील, ‘अहो, जरा उघडून देता का’ म्हणतील, आणि मी म्हणेन, उघडतो, पण आधी माझं गाणं.

मांडवाच्या आदल्या सकाळी दोघी हळद दळायला काल्हेरला गेल्या आणि मी कामाला लागलो. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, तर त्याला बाहेरून बंद करायचं. उजवं बटण दाबलं, एकातून एक खिडक्या उघडत गेल्या, शेवटी परवानगीची खिडकी आली. तिथे कुणाला बंदी घालायची ते विचारत होतं आणि एक पर्याय होता, ‘एव्हरीवन’. सगळे. मी त्यावर खूण केली. यात माझी चूक झाली असं नंतर सगळे म्हणाले, पण मला सांगा, घरातला पुरुष ‘सगळे’ म्हणतो तेव्हा त्यात स्वतःला धरतो का? ‘सगळे जेवलात का’, ‘सगळे तयार झालात का’, ‘सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाऊ नका’. मी बाहेर उभा राहून बोलतो आहे हे उघडच आहे.

दुसरी चूक मात्र कबूल करतो. मी जिथे खूण केली तो ‘मसाले’ नव्हता, ज्यात मसाले, आरत्या, गळे आणि बाकी सगळं ठेवलेलं होतं तो अख्खा कप्पा होता. कॉम्प्युटरने विचारलंही, ‘तुमची खात्री आहे?’ तेव्हासारखी खात्री मला आयुष्यात कधी नव्हती.

थोड्या वेळाने मी स्वतः उघडून बघायला गेलो. ‘आपल्याला परवानगी नाही.’ खूण काढायला गेलो. ‘आपल्याला परवानगी नाही.’ मी त्याला मराठीत बरंच समजावलं. मग घाम पुसत गॅलरीत जाऊन बसलो.

संध्याकाळी दोघी परतल्या, शेवटचा सराव करायला बसल्या आणि त्यांनाही परवानगी मिळाली नाही. जुबेरला बोलावलं. तो पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

“धनेशभाई, एव्हरीवन में आप भी आते हो.”

“उघडेल ना पण?” उन्नतीने विचारलं.

“उघडेल. फक्त याचा खरा मालक म्हणून कुणालभाईंचं नाव आहे, त्यांचा जुना पासवर्ड पाहिजे.”

कुणालला फोन लावला. त्याला तो पासवर्ड आठवेना. मग मशीन दुकानात न्यावी लागेल, दोन-तीन दिवस तरी जातील, असं जुबेर म्हणाला. हळद दुसऱ्याच दिवशी होती.

आई खाली जमिनीवर बसली. “जुने धवले माजे तोंडान हान,” ती म्हणाली. “ही नवी एकदाच गायली नि तुज्या पेटीन टाकली. माजे आता ध्यानान न्हाय र्‍हात रं.” तिचा आवाज इतका बारीक झाला की मला आपला चेहरा कुठे न्यावा कळेना.

“पण का?” उन्नती म्हणाली. “का केलंत असं?”

मग माझा बांध फुटला. “कुणालवर तीन! लडकूवर! बुलेटवर! आणि माझ्यावर एक ओळ नाही! मी कोण आहे या घरात?”

उन्नती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, “आम्ही बसलो होतो हो तुमच्यावर करायला. आई आणि मी, दोन दुपारी. पण गाण्यात घालायचं काय? वेळेवर जाता, वेळेवर येता, चहा घेता, दोघींचंही बरोबर आहे म्हणता. गाण्यात यायला माणसाने काहीतरी करायला लागतं.”

जुबेरने आपली पिशवी उचलली आणि आवाज न करता निघून गेला. माझा जन्मात कुणी इतका अपमान केला नव्हता, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता हे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी काल्हेरला, दोन गोडाउनांच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. रस्त्यावर ट्रकांची रांग, मांडवात हळदीचा वास. आईने जुने धवले गायले, आवाज फाटत होता तरी शेवटपर्यंत गायले. भूपेश हळदीने पिवळा झाला. आता थट्टेची वेळ आली आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाल नवा कुर्ता घालून, मोबाईल सरसावून पुढेच बसला होता. मी सगळ्यात मागे, खुर्च्यांच्या थप्पीजवळ.

आई माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंडाला पदर लावला, आणि काढला.

“धनेशबाला शाना भारी गो,
कुलूप घातलंन आपले दारी गो,
चावी र्‍हायली आतले घरी गो,
नि बसलाय कसा उंबऱ्यावरी गो!”

मांडव हसला. मागून उन्नतीने उचललं :

“नाव आयकून कुणालचा गो,
रंग गेला गालाचा गो,
ओटीपी मांगाला गेला कोनाचे दारी गो,
गेला त्याच कुणालचे दारी गो!”

नबीला टाळ्या वाजवत होती. दाजी खुर्चीवरून पडायचे राहिले. कडव्यावर कडवं येत होतं, हेल्पलाइन, एव्हरीवन, उतू गेलेलं दूधसुद्धा, ते यांना कसं कळलं देव जाणे. कुणालने मोबाईल खाली ठेवला. आणि शेवटी बाकीच्या थांबल्या आणि उन्नती एकटीच गायली, हळू, माझ्याकडे न बघता :

“एक सबूद इचारलास त गो,
सगला सांगितला असता गो,
दार व्हता उघराच माजा गो,
कुलूप कशाला लावलास गो…”

आमच्यात असं आहे की ज्याच्यावर गाणं होतं त्याने रागवायचं असतं. तोंड फुगवून उठायचं, मांडवाबाहेर जाऊन उभं राहायचं, आणि मग त्याच्या बायकोने हळदीच्या हाताने त्याला धरून आत आणायचं. हा राग मी जन्मभर दुसऱ्यांचा बघत आलो होतो. मला जमेल की नाही शंका होती. डोळ्यांत भलतंच काही येत होतं. पण मी उठलो, भुवया वाकड्या केल्या, एक खुर्ची जरा आपटली आणि बाहेर जाऊन ट्रकांकडे तोंड करून उभा राहिलो.

आत पुन्हा आईचा आवाज आला. गारी, लांबच लांब, आरवा खांब. एवढं एक तिला आठवलं होतं. मांडव पुन्हा हसला, पण मघासारखा नाही, हे मी नीट ऐकून ठेवलं. थोड्या वेळाने कुणाल बाहेर येऊन माझ्या बाजूला उभा राहिला.

“एकच कडवा,” तो म्हणाला. “तुज्यावर कवरी झाली रं, दादूस?”

“मोजली नाहीत,” मी म्हणालो. सात होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. उन्नती. तिची हळद माझ्या बाहीवर, घड्याळावर, सगळीकडे लागली.

“चला आत,” ती म्हणाली.

“नि मी, वयनी?” कुणालने विचारलं.

“तुमची रुचिका पंगतीत वाढतेय. मोकळी झाली की येईल तुम्हाला न्यायला.”

उन्नती मला ओढत होती. मी मुद्दाम जरा हळू चाललो, कुणालला नीट दिसावं म्हणून.